आजीचा मोडी कागद आणि ११० केबीचा फोटो

तुमच्या फॅमिली ग्रुपवर शेवटचा जुना फोटो कधी आला होता, आठवतंय? आजोबांचा तरुणपणीचा, कुणाच्या तरी लग्नातला, नाहीतर एखाद्या पिवळ्या पडलेल्या कागदाचा? तुम्ही त्याखाली हात जोडलेला इमोजी टाकला असेल, फोटो सेव्ह केला असेल आणि 'चला, जपून ठेवला' म्हणून निश्चिंत झाला असाल. आमच्या घरीही अगदी असंच झालं होतं. त्याची किंमत आम्हाला पुढे कळली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून आज फोटोच्या पोटात डोकावू या.

मी तंजावरची. तमिळनाडूतल्या तंजावरची मराठी मुलगी म्हटलं, की पुण्या-मुंबईचे लोक दोनदा विचारतात. म्हणून थोडक्यात सांगते. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे सतराव्या शतकात इथे आले. त्यांच्या वंशाची गादी इथे १८५५ पर्यंत होती. त्यांच्या मागोमाग आलेली मराठी कुटुंबं इथलीच होऊन गेली. आम्ही घरी जी मराठी बोलतो ती ऐकून तुम्हाला कदाचित हसू येईल, कारण तिच्यात तमिळ छान मुरलंय. देवनागरी मला आजीने शिकवली. मोडी मात्र आजीलाही येत नाही.

आमच्या घराण्यात एकच मोडी कागद उरला होता. साधारण दीड फूट लांब, कडेने कुरतडलेला. ओरत्तनाडूला, म्हणजे तंजावरजवळच्या ज्या गावात सरफोजी राजांनी बांधलेलं मुक्तांबाळ छत्र आहे तिथे, काकांच्या कौलारू घरात तो एका पेटीत होता. आजीला तिच्या सासूने सांगितलं होतं, की या घराण्यातला जो पहिला माणूस इकडे आला त्याचं नाव या कागदात आहे. आजीला ते नाव हवं होतं. बाकी कशाचं तिला काही नव्हतं.

२०१७ च्या दिवाळीत चुलत भावाने त्या कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी वा वा केलं. काही महिन्यांनी त्याच्या मोबाईलची मेमरी भरली, तेव्हा 'ग्रुपवर आहेच की' असं म्हणून त्याने मूळ फोटो डिलीट केला. मग १६ नोव्हेंबर २०१८ ला गजा वादळ आलं. आमच्या भागात त्या रात्री काय झालं ते इथे कुणालाही विचारा. नारळाच्या बागा आडव्या झाल्या, काकांच्या घराची कौलं उडाली आणि पेटीत पाणी शिरलं. कागदाचा लगदा झाला. माणसं वाचली यातच सगळं आलं, म्हणून तेव्हा कागदाचं कुणी बोललं नाही.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एक मोडी वाचणाऱ्या ताई आम्हाला भेटल्या. मी उत्साहाने त्यांना ग्रुपवरचा फोटो पाठवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"अगं, याच्यापेक्षा मोठा फोटो नाही का? वर 'श्री' दिसतंय, खाली काही आकडे दिसतायत. मधे ओळी आहेत एवढंच कळतंय. झूम केलं की सगळं विस्कटतं. मूळ कागद पाठवशील?"

मूळ कागद नव्हता. मूळ फोटोही नव्हता. हातात होती ११० केबीची एक फाईल. माझ्यासारख्या, दिवसभर फोटो अपलोड करण्याचंच काम करणाऱ्या मुलीने तेव्हा पहिल्यांदा नीट शोधलं, की फोटोचं नेमकं जातं काय आणि कुठे.

फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी

ठिपक्यांची रांगोळी तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडे तिला पुळ्ळी कोलम म्हणतात, आणि मार्गळी महिन्यात पहाटे पहाटे प्रत्येक दारात ती असते. सात ओळी, प्रत्येक ओळीत सात ठिपके घेतले तर एकूण ४९ ठिपके होतात. त्यात एखादं साधं कमळ बसेल. मोर काढायचा असेल तर एकवीस बाय एकवीस, म्हणजे ४४१ ठिपके लागतील. ठिपके जितके जास्त, तितकं बारीक काम करता येतं.

डिजिटल फोटोही असाच ठिपक्यांचा बनलेला असतो. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलला एकच रंग असतो. आडवे किती आणि उभे किती, हे दोन आकडे म्हणजे फोटोचं माप. ४००० बाय ३००० असं लिहिलं असेल, तर गुणाकार करा: १ कोटी २० लाख पिक्सेल. दहा लाख पिक्सेलला एक मेगापिक्सेल म्हणतात, म्हणून तो फोटो १२ मेगापिक्सेलचा झाला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी केली, तर फोटो निम्मा होत नाही, पाव होतो. ४००० बाय ३००० चा फोटो २००० बाय १५०० केला, तर १ कोटी २० लाखांतले फक्त ३० लाख पिक्सेल उरतात. 'थोडा लहान केला' असं आपण म्हणतो, तेव्हा चारातले तीन ठिपके पुसले गेलेले असतात.

आता आमच्या कागदाचा हिशोब करू. भावाच्या मोबाईलचा कॅमेरा १३ मेगापिक्सेलचा होता, म्हणजे फोटो ४१६० बाय ३१२० चा निघाला असणार. दीड फूट म्हणजे १८ इंच. कागद चौकटीत पूर्ण भरला होता असं धरलं, तर एका इंचाला सुमारे २३१ पिक्सेल मिळाले. कागदावरचं अक्षर पाच मिलिमीटर उंच असेल, तर ते मूळ फोटोत साधारण ४५ पिक्सेल उंच होतं. बोरूची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तर ती चार-साडेचार पिक्सेलची झाली. हे वाचता आलं असतं.

ग्रुपवरचा फोटो किती होता? ९६० बाय १२८०. म्हणजे इंचाला ७१ पिक्सेल. तेच अक्षर आता १४ पिक्सेल उंच आणि ती रेघ जेमतेम दीड पिक्सेल जाड. दीड पिक्सेलमध्ये मोडीची गाठ कशी दिसणार? मोडी हात न उचलता लिहायची लिपी. एका अक्षराचं वळण दुसऱ्यात शिरतं, आणि छोट्याशा गाठीवरून किंवा वेलांटीवरून शब्द बदलतो. सात ठिपक्यांत मोर काढायला सांगितल्यासारखं झालं.

कॉम्प्रेशन म्हणजे काय? मोडीलाच विचारा

पण ठिपके कमी होणं ही अर्धीच गोष्ट आहे. दुसरी अर्धी म्हणजे कॉम्प्रेशन. ही दोन कामं वेगळी आहेत, आणि आपण नेमकी तीच एक समजतो.

प्रत्येक पिक्सेलचा रंग जसाच्या तसा लिहून ठेवायचा, तर साधारण तीन बाइट लागतात: लाल, हिरवा आणि निळा यांचा एकेक. १ कोटी ३० लाख पिक्सेल गुणिले तीन म्हणजे सुमारे ३९ एमबी. पण भावाच्या मोबाईलमधला फोटो चारेक एमबीचाच असणार. मग बाकीचे ३५ एमबी गेले कुठे? मोबाईलने ते आवळून लिहिले. या आवळून लिहिण्याला कॉम्प्रेशन म्हणतात.

आवळण्याचे दोन प्रकार आहेत, आणि दोन्ही आपल्या जुन्या पत्रांत सापडतात.

पहिला प्रकार, काहीही न हरवता आवळणं. जुन्या पत्रात 'राजमान्य राजश्री' न लिहिता 'रा. रा.' लिहीत. वाचणाऱ्याला ते पुन्हा पूर्ण वाचता येतं, एक अक्षरही हरवत नाही. वाण्याच्या यादीत आपण एकाच गोष्टीखाली 'वरीलप्रमाणे' लिहितो, तसंच. पीएनजी ही फाईल अशी असते. सलग पन्नास पिक्सेल पांढरे असतील, तर 'पांढरा' पन्नास वेळा लिहायची गरज तिला पडत नाही. उघडली की सगळं होतं तसं परत मिळतं.

दुसरा प्रकार, थोडं सोडून देऊन आवळणं. मोडी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नसत. त्यामुळे 'दिन' आणि 'दीन' एकसारखेच दिसतात. लिहिणाऱ्याचा वेळ वाचला, पण एक माहिती कायमची गेली. वाचणारा संदर्भावरून ओळखतो, आणि बहुतेक वेळा बरोबर ओळखतो. पण कागदावर ती माहिती नाही म्हणजे नाही.

जेपेग फाईल हेच करते. मोबाईलमधले बहुतेक फोटो जेपेग असतात. १९९२ मध्ये ठरलेली ही पद्धत आजही चालते, कारण ती हुशार आहे. आपला डोळा उजेड-अंधारातला फरक चटकन टिपतो, पण रंगातले बारीक फरक त्याला तितके कळत नाहीत. म्हणून जेपेग रंगाची माहिती थोडक्यात उरकते. मग ती फोटोचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते, आणि प्रत्येक चौकोनातले जे बारीक चढउतार डोळ्याला फारसे जाणवणार नाहीत, ते गाळून टाकते. किती गाळायचं हे 'क्वालिटी'च्या आकड्यावर ठरतं. क्वालिटी ९० ठेवली तर फरक सहसा दिसत नाही. ३० ठेवली तर चेहऱ्यावर चौकोन दिसायला लागतात.

चेहरे, डोंगर, समुद्र, सूर्यास्त यांच्यासाठी ही युक्ती झकास आहे. पण पांढऱ्या कागदावरची काळी बारीक रेघ म्हणजे नेमका बारीक चढउतार! तोच आधी गाळला जातो. मग अक्षरांच्या भोवती राखेसारखे करडे ठिपके उमटतात. आमच्या फोटोत एक अक्षर १४ पिक्सेलचं, म्हणजे असे दोन चौकोनसुद्धा पुरे भरत नव्हते.

आता दोन्ही हिशोब एकत्र करा. ग्रुपवर येताना पिक्सेल १ कोटी ३० लाखांवरून सुमारे १२ लाख ३० हजारांवर आले, म्हणजे दहापटीहून कमी झाले. शिवाय मूळ फोटो दहापट आवळलेला होता, तो ग्रुपवर येताना तेहतीसपट आवळला गेला. चार एमबीचे ११० केबी झाले ते या दोन कात्र्यांनी मिळून.

मग फाईल साईज कशावर ठरते?

तीन गोष्टींवर: पिक्सेल किती आहेत, किती आवळलंय, आणि फोटोत आहे काय. तिसरी गोष्ट आपण विसरतो.

कधी तंजावरला आलात तर एक गंमत करून बघा. राजराज चोळांनी बांधलेल्या बृहदीश्वर मंदिरात उभं राहा. हे मंदिर १०१० मध्ये पूर्ण झालं, आणि त्याचं विमान म्हणजे शिखर दोनशे फुटांहून उंच आहे. एक फोटो त्या शिखराचा काढा, फ्रेम भरून, सगळ्या मूर्तींसकट. दुसरा फोटो मोकळ्या निळ्या आकाशाचा काढा. मोबाईल तोच, पिक्सेल तेवढेच. आता दोन्ही फाईलींची साईज बघा. शिखराची फाईल कितीतरी मोठी निघेल. आकाशात 'वरीलप्रमाणे' लिहिण्यासारखं खूप असतं, शिखरावर इंचाइंचाला काहीतरी नवीन.

म्हणून फक्त एमबी बघून फोटो चांगला की वाईट ते ठरवू नका. माप आणि साईज दोन्ही बघा. गॅलरीत फोटो उघडून 'डिटेल्स' किंवा 'इन्फो' दाबलं, की दोन्ही आकडे दिसतात. गुगल फोटोजमध्ये फोटो वर सरकवला की दिसतात.

फोटो नेमका कुठे कुठे झिजतो?

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्याचे पिक्सेलही कमी होतात आणि तो आवळलाही जातो. लाखो लोकांचा डेटा वाचावा म्हणून ते तसं आहे, त्यात गैर काही नाही. २०२३ पासून पाठवताना वर 'एचडी' असं बटण दिसतं. ते दाबलं तर बरंच टिकतं. पण मूळ फाईल जशीच्या तशी हवी असेल, तर पिनच्या खुणेवर दाबून 'डॉक्युमेंट' निवडा आणि तिथून फोटो पाठवा. ईमेलला जोडून पाठवला तरी चालतो.

स्क्रीनशॉट हा फोटो नसतो, तुमच्या स्क्रीनचा फोटो असतो. स्क्रीनला जेवढे पिक्सेल तेवढेच त्यात येणार. व्हॉट्सॲप स्टेटसचा स्क्रीनशॉट आणि मग त्याचा फॉरवर्ड, हा तर झिजण्याचा राजमार्ग.

जेपेग फोटो एडिट करून सेव्ह केला की तो पुन्हा एकदा आवळला जातो. दहा वेळा एडिट केला, तर दहा वेळा थोडं थोडं जातं. पण घाबरू नका: नुसता फोटो उघडून बघितल्याने, किंवा पेनड्राइव्हवर कॉपी केल्याने काहीही कमी होत नाही. 'सारखा सारखा उघडू नको, खराब होईल' असं माझे बाबा म्हणतात. ते कॅसेटला लागू होतं, फाईलला नाही.

क्लाऊडवरही सेटिंग बघून घ्या. गुगल फोटोजमध्ये 'ओरिजिनल क्वालिटी' आणि 'स्टोरेज सेव्हर' असे दोन पर्याय असतात. दुसऱ्यात जागा वाचते, कारण फोटो आवळला जातो. रोजच्या फोटोंना तो पुरतो, जुन्या कागदांना पहिलाच बरा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. ताईंचा फोन आल्यावर भावाने एक ॲप शोधलं. 'एआयने फोटो क्लिअर करा' असं त्यावर लिहिलेलं. त्याने आमचा फोटो त्यात टाकला आणि काय सांगू, अक्षरं खरंच लख्ख झाली! रेघा काळ्याभोर, कडा कशा कोरल्यासारख्या. आजीने तर डोळे पुसले. मी तो फोटो ताईंना पाठवला. त्यांनी दहा मिनिटांनी उत्तर दिलं: "हा फोटो कुणाला देऊ नकोस. यातली निम्मी अक्षरं मोडीत नाहीत, कुठल्याच लिपीत नाहीत."

ॲपने फसवलं असं नाही. गेलेली माहिती परत आणणं कुणालाच शक्य नसतं. ॲप अंदाज करतं आणि तो अंदाज सुंदर रंगवून दाखवतं. आजोबांचा पुसट फोटो भिंतीवर लावायला हे चालेल. पण नाव, तारीख, सातबाऱ्यावरचा आकडा किंवा डॉक्टरांची चिठ्ठी असेल, तर त्या अंदाजावर विश्वास ठेवू नका. धूसर फोटो निदान 'मला माहीत नाही' असं कबूल तरी करतो.

ग्रंथालयं काय करतात?

तंजावरला राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळापासूनचा हा संग्रह सरफोजी राजे दुसरे यांनी खूप वाढवला. १७९८ ते १८३२ अशी त्यांची कारकीर्द. १९१८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. तिथे ताडपत्रं आहेत, संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितं आहेत, आणि मराठा राज्याच्या मोडी दप्तराचे तेराशेहून अधिक गठ्ठे आहेत. आमच्या त्या एका कागदावरून मला कळलं, की एका गठ्ठ्यात किती लोकांची नावं वाचायची राहिली असतील.

जगभरातली ग्रंथालयं जुने कागद स्कॅन करताना एक साधा नियम पाळतात, आणि तो आपणही घरी पाळू शकतो. एक मूळ प्रत, बाकी कामाच्या प्रती. मूळ प्रत मोठ्या मापाची, काहीही न गाळता ठेवलेली. त्यासाठी बहुतेक जण टिफ नावाची फाईल वापरतात. ती खूप जागा खाते, पण तिला कुणी हात लावत नाही. वेबसाइटवर दाखवायला, मेलवर पाठवायला त्या मूळ प्रतीवरून लहान जेपेग काढतात. लहान प्रत हरवली तर दुसरी काढता येते. मोठ्यातून लहान कधीही करता येतं, लहानातून मोठं कधीच नाही.

घरी टिफची गरज नाही. मोबाईलच्या सर्वांत चांगल्या सेटिंगवर काढलेला, कुठेही न पाठवलेला, एडिट न केलेला फोटो ही आपली मूळ प्रत.

आणि लहान करायचाच असेल तेव्हा?

सगळीकडे मोठा फोटो चालतो असंही नाही. ज्यांनी परीक्षेचे फॉर्म भरलेत त्यांना हे दुःख माहीत आहे! बँकांच्या आयबीपीएस परीक्षेच्या अर्जात फोटो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा मागतात. सही १४० बाय ६० पिक्सेलची, १० ते २० केबीची. रात्री अकरा वाजून पन्नास मिनिटांनी 'फाईल साईज चुकीची आहे' असं लाल अक्षरात आलं, की हातपाय गळतात. अशा वेळी क्रम पाळा.

१. आधी मूळ फोटोची कॉपी करा. काम कॉपीवर करायचं.

२. क्रॉप करा. चेहरा आणि खांदे सोडून मागची भिंत, पंखा, कॅलेंडर सगळं कापा.

३. मग रिसाइझ करून मागितलेलं माप द्या. लांबी-रुंदीचं प्रमाण बिघडू देऊ नका, नाहीतर चेहरा चपटा होतो.

४. साईज तरीही जास्त असेल, तरच क्वालिटी कमी करा. साईज कमी पडत असेल तर क्वालिटी वाढवा.

बरेच जण उलटं करतात. मापाला हात न लावता क्वालिटी खाली खाली आणत जातात आणि शेवटी स्वतःचाच चेहरा ओळखू येत नाही. आणि हो, आधार किंवा सही असलेले फोटो कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर लहान करायला टाकू नका. मोबाईलच्या गॅलरीतच रिसाइझची सोय असते का, ते आधी बघा.

छपाईचं गणितही सोपं आहे. चांगल्या प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात. सहा बाय चार इंचाच्या फोटोला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरच्या पासपोर्ट फोटोला साधारण ४१३ बाय ५३१ पुरतात. आमचा ग्रुपवरचा फोटो या हिशोबाने सव्वातीन बाय सव्वाचार इंचांपर्यंतच नीट छापता येतो. दीड फुटांचा कागद तळहाताएवढा झाला.

जुन्या कागदाचा फोटो कसा काढायचा?

तुमच्या घरी असा कागद, जन्मपत्रिका, जुनं पत्र किंवा आजीची रेसिपीची वही असेल, तर एखाद्या रविवारी सकाळी हे करा.

• हात धुऊन कोरडे करा. कागद खिडकीजवळ, सपाट टेबलावर ठेवा. ऊन थेट पडायला नको, फ्लॅशही नको.

• कॅमेऱ्याची काच मऊ कापडाने पुसा. निम्मे धूसर फोटो बोटांच्या तेलामुळे असतात.

• मोबाईल कागदाच्या बरोबर वर, समांतर धरा. तिरका धरला तर एका बाजूची अक्षरं लहान होतात.

• आधी पूर्ण कागदाचा एक फोटो. मग जवळ जाऊन तुकड्या-तुकड्याने, प्रत्येक तुकड्यात मागच्या तुकड्याच्या दोन ओळी येतील असे. आमच्या भावाने असे चारच जास्तीचे फोटो काढले असते, तर ग्रुपवर झिजूनही अक्षरं वाचता आली असती.

• कडेला एक पट्टी ठेवा, म्हणजे कागद केवढा होता ते पुढच्यांना कळेल.

• मागची बाजूही घ्या. कित्येकदा नाव तिथेच असतं.

• झूम करून बघा. सगळ्यात बारीक अक्षर वाचता येत असेल तरच कागद परत ठेवा.

• फाईलला नाव द्या: कशाचा फोटो, कुणाकडचा, कुठल्या तारखेला काढला. मग ती निदान दोन ठिकाणी ठेवा: एक क्लाऊडवर, एक दुसऱ्या घरातल्या पेनड्राइव्हवर. पाणी एका घरात शिरतं, तेव्हा दुसरं घर कोरडं असू शकतं.

• कागदाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका.

बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास सांगणारा १८०३ चा मोठा मराठी शिलालेख आहे. तंजावरला याल तेव्हा त्यावर हा सराव करून बघा. सगळी भिंत एका फोटोत घेतली तर एकही ओळ वाचता येणार नाही. तुकड्यांनी घेतलीत तर घरी गेल्यावर निवांत वाचत बसाल.

आमच्या कागदाचं पुढे काय झालं? ताईंनी त्या ११० केबींवर आठवडाभर डोळे ताणले. 'श्री' सापडला होताच. एका ओळीत त्यांना 'तंजावर' लागलं, आणि त्याच्या आधी एक नाव असावं असं वाटलं. पहिलं अक्षर 'र' किंवा 'ग' असेल, पुढचं काही सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, "अंदाजाने सांगा ना." त्यांनी नकार दिला. तेव्हा राग आला होता, आता वाटतं बरोबर केलं त्यांनी.

आजीला मी तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "र किंवा ग. बरं." मग उठून आत गेली आणि तिच्या आईच्या हातची एक वही घेऊन आली. देवनागरीत लिहिलेली, ओव्या आणि लोणच्याची मापं. "याचा तरी नीट काढ," म्हणाली. आम्ही त्या वहीचे ६४ फोटो काढले, दोघींनी मिळून, खिडकीजवळ बसून. आजी पट्टी धरत होती. ते फोटो मी ग्रुपवरही टाकले. पण आधी तीन ठिकाणी ठेवले, मग.

आज रात्री एक काम करा. घरातला सगळ्यात जुना फोटो ज्याच्या मोबाईलमध्ये आहे, त्याला विचारा: तुझ्याकडचा मूळ आहे, की ग्रुपवरून आलेला? मूळ असेल, तर त्याला सांगा, डिलीट करू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि तो कागद किंवा तो छापील फोटो अजून घरात असेल, तर येत्या रविवारी खिडकीजवळचं टेबल मोकळं ठेवा.